खेकड्याने खाल्लेलं शेवाळ जातं कुठे?

घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत, शेवाळ माजलं की सल्ला ठरलेला असतो: दोन-चार खेकडे सोडा, खडक लख्ख होतील. ‘क्लीन-अप क्रू’ म्हणजे सफाई पथक म्हणून रिकाम्या शंखात राहणारा हर्मिट क्रॅब, हिरवा एमराल्ड क्रॅब आणि गोगलगायी एकत्रच विकल्या जातात. खडक बरेचदा लख्ख होतातही. पण काही आठवड्यांनी शेवाळ पुन्हा डोकं वर काढतं आणि खेकडा आळशी ठरतो. खेकड्याने त्याचं काम चोख केलेलं असतं. खाणं आणि काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच कोणी सांगितलेलं नसतं.

समुद्रात हा उपाय लागू पडतो, यात शंका नाही. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रातले डायाडेमा जातीचे सी-अर्चिन (शेवाळ खाणारे काटेरी गोल प्राणी) रोगाने पटापट मेले. शेवाळ खाणारंच उरलं नाही, तेव्हा प्रवाळांवर शेवाळ चढलं. पुढे स्पाडारो आणि बटलर या संशोधकांनी फ्लोरिडा कीजमधल्या प्रवाळखडकांवर कॅरिबियन किंग क्रॅब नेऊन सोडले. 2021 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त त्यांचे निष्कर्ष छापून आले: शेवाळ 50 ते 80 टक्क्यांनी घटलं आणि नव्याने रुजणारे प्रवाळ तीन ते पाच पट वाढले. नुसतं हाताने घासलेल्या खडकांवर मात्र शेवाळ परत आलं. एमराल्ड क्रॅब या किंग क्रॅबचाच छोटा भाऊबंद.

शेवाळ प्रवाळाला मारतं ते केवळ सावली धरून नव्हे. जेनिफर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. एका कप्प्यात शेवाळ, शेजारच्या कप्प्यात प्रवाळ, मध्ये जिवाणूही पार होणार नाहीत इतकी बारीक गाळणी. तरीही प्रवाळ मेले. पाण्यात अँपिसिलिन हे जिवाणू मारणारं औषध घातलं तेव्हा मात्र वाचले. म्हणजे शेवाळातून पाझरणारी विरघळलेली शर्करा पलीकडे जाते, प्रवाळावरचे जिवाणू तिच्यावर फोफावतात आणि तिथला प्राणवायू संपवतात. गंमत अशी की याच प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहत असतात आणि त्याचं बहुतेक पोट तीच भरतात. आतलं शेवाळ अन्नदाता, बाहेरचं जीवघेणं!

आता खेकड्याकडे वळू. दिवे मालवल्यावर लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन एमराल्ड क्रॅब बघा. त्याच्या नांग्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात. एक नांगी खडक खरवडते तेव्हा दुसरी तोंडाशी असते; मग अदलाबदल. तोंडाशी मात्र नुसतं तोडणं आणि ढकलणं होतं. चावण्याचं काम पोटात चालतं, आणि मला या प्राण्यात सगळ्यात जास्त आवडते ती हीच जागा.

खेकड्याच्या जठरात तीन कठीण दात असतात, एक वरून आणि दोन बाजूंनी. बाजूचे दात घास धरतात, वरचा पुढे-मागे रगडतो. अक्षरशः जातं. त्याच्या मागे बारीक केसांची गाळणी असते. पुरेसं बारीक झालेलं तेवढंच पाचकग्रंथीकडे जातं, बाकीचं आतड्याकडे. हे जातं आणि ही गाळणी चालवायला लागतात फक्त तीसेक चेतापेशी. त्यांचा एवढासा पुंजका जोडलेल्या चेतांसकट बाहेर काढून बशीत, खाऱ्या द्रावणात ठेवला, तरी तो तासन्‌तास ताल धरून राहतो. पोट नाही, घास नाही, ताल मात्र चालू. ब्रँडाइस विद्यापीठातल्या ईव्ह मार्डर यांनी कित्येक दशकं याच पुंजक्याचा अभ्यास केला.

ताल येतो कुठून? या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप देतात ते जवळपास सगळे ‘थांब’ असेच असतात. गाळणीच्या तालात एबी नावाची पेशी स्वतःहून स्पंदते. दोन पीडी पेशी तिला विजेने जोडलेल्या असल्यामुळे त्याही सोबत पेटतात आणि तिघी मिळून एलपी व पीवाय या पेशींना दाबून धरतात. तिघी थकल्या की आधी एलपी उसळते, ती पीडी आणि पीवायला थोपवते. मग पीवाय उसळते आणि एलपीला गप्प करते. तोवर एबी पुन्हा तयार! साधारण सेकंदाला एक फेरा. जात्याचा ताल याहून संथ, काही सेकंदांना एक. वरून एखादं संप्रेरक शिंपडलं की याच पेशी दुसरा ताल धरतात, आणि काही पेशी तर गाळणीचं टोळकं सोडून जात्याच्या टोळक्यात सामील होतात. ‘तार जोडली की काम ठरलं’ ही मेंदूविषयीची समजूत या पुंजक्याने पार मोडीत काढली.

असो. तर शेवाळ इतकं दळलं गेल्यावर काय होतं? थोडं खेकड्याच्या अंगी लागतं. त्यातला नायट्रोजन बराचसा अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात येतो, उरलेलं विष्ठेतून. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात. फॉस्फेटही पाण्यातच. म्हणजे खडकावरचं खत पाण्यात आलं आणि नव्या शेवाळाची सोय झाली. समुद्रात हे अफाट पाण्यात पांगतं. काचेच्या पेटीत जायला जागा नाही. ते बाहेर काढायचं काम स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र), पाणी बदलणं, फिल्टरचा सॉक म्हणजे गाळणीची कापडी पिशवी नीट धुणं यांचंच. खेकडा फक्त एवढं करतो की खडकाला घट्ट चिकटलेला ऐवज प्रवाहात सोडतो. म्हणून प्रवाह चांगला हवा, नाहीतर विष्ठा खडकामागे साचते.

‘रीफ-सेफ’, म्हणजे प्रवाळांना निर्धोक, हे लेबल मला मुळीच पटत नाही. मिथ्रॅक्युलस फोर्सेप्स हा एमराल्डचा चुलतभाऊ उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ ओक्युलिना प्रवाळाच्या फांद्यांत राहतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि प्रवाळाचा चिकट स्रावही चाटतो. दोघांचं छान जमतं. पण टँकमधलं शेवाळ संपलं आणि खेकडा उपाशी राहिला की तो झोअँथिड या प्रवाळासारख्या प्राण्याचे पॉलिपही (फुलासारखे छोटे जीव) कुरतडू शकतो. सुरक्षितता जातीत कमी आणि पोट भरलेलं असण्यात जास्त आहे. खडक स्वच्छ झाले की वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा द्यावा. हर्मिट क्रॅबसाठी थोडे मोठे रिकामे शंख टाकून ठेवावेत, नाहीतर तो गोगलगाईला मारून तिचा शंख घेतो.

कधी सकाळी तळाशी मेलेला खेकडा दिसतो आणि संध्याकाळी तोच खेकडा हिंडताना सापडतो. चमत्कार वगैरे नाही, त्याने कात टाकलेली असते. ती उचलून उजेडात धरा: पाय, डोळ्यांवरचं आवरण, आणि आत जठराचं अस्तर दातांसकट! जठराचा तो भाग कवचाच्याच जातीच्या आवरणाने मढलेला असतो, त्यामुळे दर वेळी जातंही नवं येतं. ‘कात नीट पडावी म्हणून’ आयोडीनची बाटली विकली जाते. न मोजता ती ओतत राहणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा. नवं कवच टणक व्हायला कॅल्शियम लागतं, ते समुद्राच्या पाण्यात लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर असतंच. प्रवाळही तेच उचलतात, म्हणून टँकमध्ये ते मोजत राहावं.

आणि माशांवर पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टँकमध्ये टाकू नका. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात तांबंच असतं, तरी पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं त्याला आणि प्रवाळांनाही मारतं. मासे वेगळ्या टाकीत हलवून तिथे उपचार करावेत.