कवड्या साप

कवड्या (शास्त्रीय नाव : लायकोडॉन ऑलिकस) हा कोल्युब्रिडी कुळातील बिनविषारी, निशाचर साप भारतीय उपखंडात सर्वत्र आढळतो. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची लांबी बहुधा ३० ते ५० सेंमी. असते, ८० सेंमी.पर्यंत वाढलेला कवड्या क्वचितच दिसतो.

अंगाचा रंग फिकट तपकिरीपासून काळपट तपकिरीपर्यंत असून त्यावर पांढरे किंवा पिवळसर आडवे पट्टे असतात. डोके चपटे, मानेपेक्षा किंचित रुंद आणि डोळे काळेभोर व थोडे पुढे आलेले असतात. पोट पांढरे असते.

अत्यंत विषारी मण्यारीशी असलेल्या साम्यामुळे कवड्या पुष्कळदा मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात, कुशीकडे फाकतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक, बहुधा जोडीजोडीने असलेले पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून उमटतात व शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. मात्र केवळ पट्ट्यांवर विसंबणे धोक्याचे, कारण काही कवड्यांच्या अंगावर ते जवळजवळ नसतात आणि मण्यारीतही पट्टे नसलेले नमुने सापडतात. खात्रीची खूण खवल्यांत आहे : मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतील खवले मोठे व षट्कोनी, तर कवड्यात ते शेजारच्या खवल्यांएवढेच असतात, शिवाय शेपटीखालचे खवले कवड्यात जोडीने, तर मण्यारीत एकेरी असतात. ही लक्षणे जिवंत सापावर जवळ जाऊन तपासण्याजोगी अर्थातच नव्हेत. ती छायाचित्रात किंवा मेलेल्या सापावरच पाहावीत, आणि मेलेला सापही उघड्या हाताने उचलू नये.

माणसाच्या घरात इतक्या सहजपणे वावरणारे साप थोडेच आहेत. पाली हे कवड्याचे मुख्य भक्ष्य असल्याने जिथे पाली तिथे तो पोचतो. खडबडीत भिंतीवर तो सराईतपणे चढतो आणि दिवसा भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटीमागची फट, दगडांचे ढीग किंवा सुटलेल्या सालीखाली दडून राहतो. सापसुरळ्या व उंदरांची पिल्लेही तो खातो. जबड्याच्या पुढच्या भागातील लांब दातांमुळे गुळगुळीत, निसटत्या अंगाचे भक्ष्य त्याला घट्ट धरता येते. डिवचल्यास तो वेटोळे करून डोके त्यात लपवतो, पण पकडू पाहणाऱ्याला झटकन चावतोही. या चाव्याने विषबाधा होत नाही. तरीही सापाची ओळख निःसंशय पटली नसेल, तर दंश झालेल्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे, कारण मण्यारीच्या दंशाची जागा बहुधा दुखत वा सुजत नाही.

मादी अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले साधारण १५ सेंमी. लांबीची असतात.