पाहुणचाराची अदलाबदल

परक्या गावात हॉटेलात न उतरता तिथल्याच कुणाच्या तरी घरी फुकट राहायचं, आणि आपल्या गावात कुणी असा आला की त्याला आपल्या घरी जागा द्यायची, अशी ही पद्धत. हॉस्पिटॅलिटी एक्स्चेंज हे तिचं भारदस्त नाव, पण बोलताना सगळे सरसकट काउचसर्फिंगच म्हणतात, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. दोघांची आधीची ओळख नसते, नातं नसतं, मामेबहिणीच्या दिराचा मित्र एवढा लांबचा धागासुद्धा नसतो, आणि राहण्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा मुख्य नियम. म्हणून पैसे मोजून राहायचं होमस्टे यात बसत नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेलं वूफिंगही नाही, कारण तिथे शेतावर काम करायचं नि त्याच्या बदल्यात जेवण-राहणं मिळतं, म्हणजे सरळ मोबदलाच झाला.

अदलाबदल या शब्दाने मात्र घोटाळा होतो. लोकांना वाटतं मी त्याच्याकडे राहिलो की पुढच्या वर्षी तो माझ्याकडे येणार. तसं क्वचितच होतं. तुम्ही इस्तंबूलला ज्याच्याकडे राहिलात तो बहुधा नाशिकला कधीच येत नाही, तुमच्या दारात उभी राहते ती भलतीच कुणीतरी पोलंडची मुलगी, आणि इस्तंबूलची उधारी तिच्या पानात वाढून फिटते. भिशी फिरते तसं, फक्त वही कुणाकडे नाही.

संघटित स्वरूपात हे पहिल्यांदा सुरू झालं ते १९४९ मध्ये डेन्मार्कला. बॉब लुइटवायलर नावाचा एक अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, त्याने आस्कोव्ह इथल्या लोकशाळेतल्या मित्रांना घेऊन हा उद्योग सुरू केला. डोक्यात साधी गोष्ट होती, ज्याच्या घरी जेवलो त्याच्यावर बंदूक रोखायला हात धजत नाही. १९५२ मध्ये संस्थेचं नाव सर्व्हास झालं, शब्द एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेतला, सेवा करणे या क्रियापदाचा. तिथे आधी मुलाखत, मग ओळखपत्र, मग यजमानांची यादी हातात, आणि एका घरी साधारण दोन रात्री. एस्पेरांतोवाल्यांनी पुढे स्वतःची वेगळी यादी काढली, पास्पोर्ता सेर्वो, १९७४ च्या पहिल्या पुस्तिकेत फक्त ४० यजमान होते आणि अट एकच, भाषा यायला पाहिजे. मला ही अट फार आवडते, आधी एक अख्खी भाषा शिका मग फुकट झोपा.

आपल्याकडचा धागा इथे विनोबांपाशी येतो. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघं अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला जायला निघाले (मधला समुद्र सोडला तर सगळं पायी), तेव्हा विनोबांनी त्यांना सांगितलं की खिशात पैसे ठेवायचे नाहीत. कारण उघड आहे, पैसे असले की दमलेला माणूस खाणावळ शोधतो, नसले की कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं. हजारो मैल ते असेच लोकांच्या घरी जेवत-झोपत गेले. कुठल्याही यादीत नाव नव्हतं त्यांचं, तरी या पद्धतीचं मर्म मला तरी तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

इंटरनेट आल्यावर मुलाखत-पुस्तिका गेल्या आणि प्रोफाइल आले. २००० मध्ये जर्मनीत हॉस्पिटॅलिटी क्लब निघाला, पण नाव झालं काउचसर्फिंगचं. केसी फेंटन या अमेरिकन पोराला १९९९ मध्ये आइसलँडचं स्वस्त तिकीट मिळालं, राहायचे वांधे, म्हणून पठ्ठ्याने तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांना ईमेल टाकली की मला कुणी ठेवून घेता का, आणि उत्तरांचा पाऊस पडला. साइट सुरू झाली २००४ मध्ये, २००६ मध्ये डेटाबेस उडाला तेव्हा फेंटनने बंद करतोय असं जाहीरही केलं होतं, स्वयंसेवकांनी परत उभी केली. मग २०११ मध्ये ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि मे २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात, सभासदांकडून फी घ्यायला लागली. तेव्हा जुने लोक जाम चिडले. रक्कम काही फार नव्हती, पण वर्षानुवर्षं ज्यांनी फुकट गाद्या घातल्या त्यांनाच आता आत यायला तिकीट, आणि ज्याने पैसे भरले तो मग गिऱ्हाईकासारखा वागतो, वायफाय स्लो का आहे विचारतो. बरेच जण बीवेलकमकडे (२००७) आणि ट्रस्टरूट्सकडे (२०१४) गेले, दोन्ही साइट बिनपैशाच्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या.

सायकलवाल्यांचं जग वेगळंच आहे. त्यांची वॉर्मशॉवर्स ही यादी १९९३ पासूनची, नावातच सगळं आलं, गरम पाण्याची आंघोळ. अशा पाहुण्याची संध्याकाळ कुठल्याही घरी साधारण सारखीच असते. सायकल जिन्याखाली की वर आणायची यावर पाच मिनिटं चर्चा, मग मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या हॉलमध्ये, त्यांतून निघालेले घामट कपडे धुऊन गॅलरीतल्या दोरीवर, आणि आंघोळ करून आलेला माणूस जेवायला बसतो तो दिवसाचे शंभर किलोमीटर चालवून आलेला असतो हे घरच्यांना आठवी पोळी वाढताना कळतं.

नियम म्हणाल तर लेखी थोडे, अलिखित जास्त. रिक्वेस्ट पाठवताना यजमानाचा प्रोफाइल वाचल्याचं दिसलं पाहिजे, हाय डियर आय नीड स्टे असला मेसेज दहा जणांना चिकटवला की दहाही जण सोडून देतात. दोन-तीन रात्री ठीक, पुढे शिळ्या माशासारखा पाहुण्याचाही वास यायला लागतो. एकदा स्वयंपाक करावा, भांडी घासावीत, घराची चावी दिली तर ती देवासारखी जपावी. नंतर दोघांनी एकमेकांबद्दल रेफरन्स लिहायचा, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे आणि गोम तिथेच आहे, कारण ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्याबद्दल वाईट लिहायला लोक लाजतात. इटलीत पादोव्हाच्या एका यजमानाला, तोही पोलिसवाला, पाहुण्या मुलीला गुंगीचं औषध देऊन बलात्कार केल्याबद्दल २०१५ मध्ये शिक्षा झाली. त्यामुळे एकट्या बाईने बाईच्या किंवा कुटुंबाच्या घरी उतरावं, आणि जवळच्या हॉटेलचा पत्ता नि तेवढे पैसे बाजूला ठेवावेत, हा सल्ला जुन्या मुरलेल्या लोकांकडून हमखास मिळतो.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का? अर्धं नाही. वारीच्या वाटेवरची गावं पिढ्यानपिढ्या अनोळखी वारकऱ्यांना जेवू घालतात, ओसरी-अंगण देतात. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. नर्मदा परिक्रमेत नर्मदे हर म्हटलं की किनाऱ्यावरच्या फाटक्या झोपडीतूनही सदावर्त मिळतं, आणि परत आलेली मराठी माणसं नंतर तिथल्या आश्रमांना शिधा-पैसे पाठवतात, म्हणजे उधारी तिथेही फिरतेच. अमेरिकेत नाटकाचा दौरा गेला की नट मंडळी महाराष्ट्र मंडळातल्या घरांमध्ये वाटून राहतात, तेही याच जातीचं. फरक एवढाच की या सगळ्यात मधे विठोबा असतो, नर्मदामैया असते किंवा निदान मराठी असते. मधे काहीच नसताना दार उघडणं हे अर्धं मात्र नवीन.

भारतात यजमान व्हायचं तर एक कटकट लक्षात ठेवावी लागते. विदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (बरीच वर्षं याला फॉर्म सी म्हणत) ऑनलाइन भरावा लागतो, पासपोर्ट, व्हिसा, फोटो, सगळं, आणि त्याआधी त्याच पोर्टलवर आपल्या घराची नोंदणी. पाहुणा रात्री दहाला येतो म्हणाला तर ही नोंदणी आधीच उरकलेली बरी. हे हॉटेलांपुरतंच आहे असं समजून बरेच हौशी यजमान भरतच नाहीत, तसं नाहीये, घरालाही लागू आहे. भारतीय पाहुण्याला यातलं काही नाही.

दुसरी गोष्ट कुठल्याच पोर्टलवर नसते. आपल्याकडे प्रोफाइल मुलाचा असतो, फोटोत हसतो तो, रेफरन्स मिळतात त्याला, आणि सकाळी सहाला उठून पोहे करते त्याची आई. रिक्वेस्टला हो म्हणायच्या आधी तिला विचारलं जातं असं फार कमी घरांत दिसतं. जिथे विचारतात तिथे पाहुण्याला पहिल्याच दिवशी कणीक मळायला बसवतात, आणि रेफरन्समध्ये नाव आईचं येतं.