कंपनीची गोष्ट सांगणारे दोन पॉडकास्ट: ‘हाऊ आय बिल्ट धिस’ आणि ‘अक्वायर्ड’

धंद्यावरचा एखादा चांगला पॉडकास्ट सुचवा म्हटलं की ही दोन नावं एका दमात सांगितली जातात. दोन्ही अमेरिकी, दोन्ही इंग्रजीत आणि भागाच्या शीर्षकात बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचं नाव. त्यामुळे एक ऐकला की दुसराही तसाच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात दोघांचा माल वेगळा आहे. दुकानदाराने किंवा कारखानदाराने कोणत्या वेळी कोणता ऐकायचा, हे कळलं तर कितीतरी तास सत्कारणी लागतील.

‘हाऊ आय बिल्ट धिस’ ही मुलाखत आहे. गाय रॅझ या पत्रकाराने ती 2016 साली अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओसाठी सुरू केली. कंपनी उभी करणारा माणूस समोर बसतो आणि तासभर आपली कहाणी सांगतो: घरची परिस्थिती, पहिली नोकरी, सुचलेली कल्पना, मिळालेले नकार, संपत आलेले पैसे. शेवटी ठरलेला प्रश्न येतो, या यशात नशिबाचा वाटा किती आणि कष्टांचा किती?

‘अक्वायर्ड’मध्ये बहुतेक वेळा पाहुणा नसतोच. बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेंथल हे दोघे 2015 पासून तो करतात. पुस्तकं, जुन्या मुलाखती, कंपनीचे वार्षिक अहवाल असं सगळं वाचून ते एकेका कंपनीचा इतिहास मांडतात. एकेक भाग तीन-चार तासांचा. नाव ‘अक्वायर्ड’ (म्हणजे ‘विकत घेतलेली’) असण्याचं कारण एवढंच की सुरुवातीला ते फक्त यशस्वी ठरलेल्या कंपनी-खरेदीच्या व्यवहारांवर बोलत. पहिला भाग होता डिस्नेने घेतलेल्या पिक्सारवर.

फरक नुसता पाहुणा असण्या-नसण्याचा नाही. पहिल्यात आठवण बोलते, दुसऱ्यात कागद. आणि धंद्याच्या बाबतीत आठवण आणि कागद फार वेगवेगळ्या गोष्टी जपून ठेवतात.

‘हाऊ आय बिल्ट धिस’चा अगदी पहिला भाग घ्या, स्पँक्स या कंपनीच्या सारा ब्लेकली यांचा. या बाई दारोदार फिरून फॅक्स मशीन विकत. साठवलेले 5,000 डॉलर घेऊन त्यांनी कपड्यांच्या आतून घालायच्या एका नव्या वस्तूचा घाट घातला. मोजे बनवणाऱ्या गिरण्यांनी वाटेला लावलं. शेवटी एक गिरणीमालक तयार झाला, तोही त्याच्या मुलींना कल्पना आवडली म्हणून. पुढे नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या खरेदी अधिकारी बाईंसमोर बोलताना आपलं म्हणणं पटत नाहीये हे लक्षात येताच ब्लेकली त्यांना थेट स्वच्छतागृहात घेऊन गेल्या आणि ती वस्तू घालून फरक दाखवला. ऑर्डर मिळाली.

विक्री शिकायची तर यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही. समोरच्याचा चेहरा वाचणं, बोलणं थांबवून माल दाखवणं, हे संस्थापकाच्याच तोंडून ऐकावं. मात्र दुकानाने पैसे किती दिवसांनी दिले, एका नगामागे काय सुटलं, परत आलेल्या मालाचं काय झालं, हे अशा मुलाखतींत ओझरतं येतं किंवा येतच नाही. वीस वर्षांनी माणसाला नकार आठवतात, बिलांच्या तारखा आठवत नाहीत. शिवाय बोलणारा जिंकलेला आहे. त्याने घर गहाण टाकलं आणि तो तरला, म्हणून आपणही टाकावं असा अर्थ कुणी काढू नये. तसंच करून बुडालेल्यांना मुलाखतीला कुणी बोलावलेलं नाही.

आता ‘अक्वायर्ड’चा कॉस्टकोवरचा भाग. कॉस्टको म्हणजे वार्षिक फी भरून सभासद झालेल्यांनाच माल विकणारी अमेरिकी दुकानसाखळी. 2023 सालचा हा भाग प्रत्येक किराणा आणि ठोक व्यापाऱ्याने ऐकावा असं मला मनापासून वाटतं. गोष्ट कॉस्टकोच्या आधी, सोल प्राइस या वकिलापासून सुरू होते. 1954 मध्ये फेडमार्ट ही दुकानसाखळी, तिथून हकालपट्टी झाल्यावर 1976 मध्ये सॅन दिएगोत प्राइस क्लब. हे गोदामवजा दुकान सुरुवातीला होतं छोट्या व्यापाऱ्यांसाठीच. फेडमार्टमध्ये गाद्या उतरवण्यापासून सुरुवात केलेल्या जिम सिनेगल यांनी 1983 मध्ये जेफ ब्रॉटमन यांच्यासोबत सिअ‍ॅटलमध्ये कॉस्टको काढली. दहा वर्षांनी दोन्ही कंपन्या एक झाल्या.

खरी मेजवानी पुढे, हिशोबात आहे. कॉस्टको खरेदीवर साधारण 14 टक्क्यांहून जास्त चढवत नाही, स्वतःच्या ब्रँडवर 15. दुकानात जेमतेम 4,000 प्रकारचा माल. साध्या सुपरमार्केटात याच्या कित्येक पट असतो. प्रकार कमी म्हणून एकेकाची खरेदी प्रचंड, म्हणून भाव पाडून घेता येतो. माल वर्षातून सुमारे बारा वेळा फिरतो, म्हणजे पुरवठादाराचं बिल चुकतं करायच्या आत बराचसा माल विकून झालेला असतो. खेळतं भांडवल जणू पुरवठादाराचंच. आणि कामकाजातून होणाऱ्या नफ्याच्या जवळपास निम्म्याइतकी रक्कम ग्राहकांच्या वार्षिक सभासद फीतून येते. यातला एक धागा ओढला की बाकीचे सुटतात. प्रकार वाढवले तर खरेदीचा जोर जातो, जोर गेला की भाव चढतो, भाव चढला की फी भरायला कुणी थांबत नाही.

हे ऐकताना आपली वही उघडी ठेवावी. आपल्याकडे पवईत 2002 साली पहिलं दुकान काढणाऱ्या डीमार्टशी ताडून पाहावं. कमी भाव, भरपूर खप ही दिशा तीच, पण तिथे सभासद फी नाही, आणि पुरवठादाराचे पैसे लवकर देऊन भावात सूट मिळवण्यासाठी ती कंपनी ओळखली जाते. म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या दोन दुकानांचं पैशाचं चक्र उलटं फिरतं.

‘अक्वायर्ड’चंही एक आहे. ते निवडतात त्या कंपन्या बहुधा विजेत्याच असतात आणि दोघेही त्यांच्या प्रेमात पडलेले असतात. कौतुकाचा भर थोडा वजा करूनच ऐकावं. बोलण्यात शेअर बाजारातल्या संज्ञाही बऱ्याच येतात. कानाला जड गेलं तर त्यांच्या संकेतस्थळावर भागांचा लिखित मजकूर मिळतो.

सरमिसळही होते. ‘अक्वायर्ड’ने 2023 मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीचे संस्थापक जेन्सन हुआंग यांची मुलाखत घेतली. किती सोसावं लागेल हे आधी कळलं असतं तर आपण कंपनी काढलीच नसती, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलं. दुसरीकडे गाय रॅझ यांनी अलीकडे सल्ल्याचे भाग सुरू केलेत, ज्यात छोटे व्यावसायिक फोन करून अडचण मांडतात आणि नावाजलेला संस्थापक उत्तर देतो. लहान दुकानदाराने तिथून सुरुवात केली तरी चालेल.

माझं मत विचाराल तर अजून पहिलं गिऱ्हाईक मिळायचं आहे त्याने ‘हाऊ आय बिल्ट धिस’ ऐकावा. ज्याचा गल्ला रोज भरतो पण वर्षाअखेरीस हाती काही उरत नाही, त्याने ‘अक्वायर्ड’.

मराठीत पहिल्या जातीच्या, उद्योजकांच्या मुलाखती आता भरपूर ऐकायला मिळतात. दुसऱ्या जातीचं काम फारसं कानावर येत नाही, ही मला खरी उणीव वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच घ्या. लोखंडी नांगराने जमीन नासते या समजुतीमुळे त्यांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, ही गोष्ट आपण चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगतो. ती दोन वर्षं अडकलेला पैसा कुणाचा होता, नांगराचा भाव कशावरून ठरवला, 1910 मध्ये औंध संस्थानात मिळालेल्या जागेमुळे खर्चाचं गणित किती बदललं, गावोगावी माल कुणी पोहोचवला आणि उधारी कशी वसूल झाली, यावर कुणीतरी चार तास बोलावं. ते मी एका बैठकीत ऐकेन.