बोटाचे टक्के ठरलेत, कमरेचे नाहीत

बेळगावच्या उद्यमबागेत प्रेस मशीनवर आयुष्य घालवलेल्या एखाद्या जुन्या माणसाजवळ बसा, तो तुम्हाला बोटांचा हिशोब सांगेल. अंगठा गेला की ३० टक्के, शेजारचं बोट मुळापासून गेलं तर १४, मधलं १२, करंगळी नाहीतर तिच्या शेजारचं ७. हे काही त्यानं मनानं काढलेलं नाही, कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेला तक्ता आहे तो, कमाईची ताकद किती गेली ते टक्क्यात लिहिलंय. आता ह्याच तक्त्यात कंबर दुखणं शोधा. आखडलेली मान शोधा. रात्री दोनला दचकून उठणं, छातीत धडधड, उद्या सुपरवायझर काय बोलंल ही धास्ती, शोधा. नाही सापडणार. असं का झालं ते बघायला बरंच मागं जावं लागतंय.

१७०० साली इटलीत मोडेनाला बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं कामगारांच्या आजारांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पेशंट आला की आणखी एक प्रश्न विचारा, तू काम काय करतोस, असं त्याचं म्हणणं. कारकुनांबद्दल तर त्यानं तेव्हाच लिहून ठेवलंय की त्यांना तीन गोष्टी छळतात, सतत बसणं, हाताची तीच तीच हालचाल, आणि चुकू नये म्हणून मनावर येणारा ताण. म्हणजे सवातीनशे वर्षांपूर्वी मान, मनगट आणि टेन्शन एकाच यादीत होतं की! ते वेगवेगळं केलं ते पुढं कायद्यानं.

आपला बेळगावचा भाग इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात, पुढं १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं इथली गोष्ट मुंबईच्या गिरण्यांबरोबरच सुरू होते. १८८० च्या दशकात गोकाक फॉल्सला पाण्याच्या जोरावर सूतगिरणी उभी राहिली, ती बघायला अजून माणसं जातात, झुलत्या पुलावर फोटो काढतात, आत काम करणाऱ्यांचे तास किती होते ते कोण विचारत नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो लहान पोरांपुरता, सात वर्षांच्या आतल्याला कामावर घ्यायचं नाही आणि बारापर्यंतच्याला दिवसाला नऊ तासच. मोठ्या माणसाच्या तासांना हातच लावला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मुंबईत मागणी लावून धरून होते, तेव्हा कुठं १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज आपण रविवारी खडेबाजारात जे फिरतो ना, त्यामागं हे आहे.

मग १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा. त्यात अपघात आला, आणि आजार म्हणून सुरुवातीला मोजके तीनच, अँथ्रॅक्स, शिशाची आणि फॉस्फरसची विषबाधा. पुढं यादी वाढत गेली, पण मूळ साचा तोच राहिला, जे कापलं जातं, तुटतं, रक्तात सापडतं, तेच मोजायचं. हळूहळू झिजणाऱ्या गोष्टीला साक्षीदार नसतो. कंबर काय सोमवारी सव्वादहाला मोडत नाही, ती पंधरा वर्षं मोडत असते, आणि त्यात घरी उचललेली घागरही असते, मग कंपनी म्हणणार हे इथलं नव्हेच.

बाहेरच्या देशातसुद्धा हा घोळ झालाय. इंग्लंडात तारयंत्रावर बोट आपटून आपटून हात आखडणाऱ्या तारबाबूंचं दुखणं १९०८ ला भरपाईच्या यादीत घेतलं, आणि लगेच वाद सुरू, हे हाताचं दुखणं का मनाच्या कमकुवतपणाचं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्या हजारो लोकांचे, जास्त करून बायकांचे, हात दुखायला लागले तेव्हा परत तोच वाद, खरं दुखतंय का नाटक. म्हणजे पाऊणशे वर्षांत मशीन बदललं, संशय तोच.

आता निपाणीकडं येतो, कारण माझ्यासाठी हा विषय तिथनं सुरू होतो. माझी आत्या निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, मांडी घालून सात-आठ तास, मान खाली, पानं भिजवून कापायची, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, आणि दर हजारावर. हजाराचा दर असला की तुमच्या पाठीवर कोण मुकादम उभा करायची गरजच नसते, तुम्हीच तुमचे मुकादम, पाणी प्यायला उठलं की वीस विड्या गेल्या हा हिशोब डोक्यात चालूच. त्यात छाट. चेकर बघणार, ही बारीक, ही ढिली, म्हणून मूठभर बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. मी एकदा तिला मानेचं विचारलं तर म्हणाली, "मानंचं काय घेऊन बसलास बाबा, तो सुपाला हात घालतोय तवा पोटात गोळा येतोय त्याचं बघ." डॉक्टरला मात्र ती मानेचंच सांगायची, कारण पोटातल्या गोळ्याला काय नाव सांगणार.

आणि वखारी वेगळ्याच. तंबाखू कुटायची, चाळायची, पाखडायची, तोंडाला पदर बांधून, धुरळा नाका-डोळ्यात, कामावर नवीन आलेल्या बाईला चक्कर, उलटी हे ठरलेलं. निपाणी म्हटलं की सगळ्यांना १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं, हायवेवरचा रास्ता रोको, गोळीबार, शरद जोशी. आठवायलाच पाहिजे. पण साधारण त्याच सुमाराला वखारीतल्या आणि विडीच्या बायकांनीही युनियन केली होती, ते कमी लोकांना ठाऊक. विडी कामगारांसाठी कायदा १९६६ चाच होता, वेल्फेअर फंडाचा १९७६ चा, तरी कागदावरचं सुपापर्यंत यायला बायकांना रस्त्यावर यावं लागलं. त्यांच्या तक्रारी बघितल्या तर पगार आहेच, पण बोलणं, शिव्या, बाईमाणसाला मिळणारी वागणूक हेही त्याच दमात येतं. अंगाचं एक आणि मनाचं एक असे दोन कप्पे त्यांनी केलेच नव्हते.

संशोधकांना हे कळायला तेवढाच वेळ लागला. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांवर लक्ष ठेवलं, सगळ्यांना वाटायचं साहेबाला टेन्शन जास्त म्हणजे हार्ट अटॅक त्याला येणार, निघालं उलटं, सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांचा हृदयविकारानं मरायचा दर वरच्यांच्या तिप्पटीहून जास्त. १९७९ ला रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं की नुसतं काम जास्त असण्यानं माणूस मोडत नाही, काम जास्त आणि ते कसं, किती वेगानं करायचं ते ठरवायचा हक्क शून्य, ही जोडी मोडते. आणि १९९१ ला बोईंगच्या ३ हजारांवर कामगारांचा अभ्यास आला, त्यात ज्यांना आपलं काम जवळपास कधीच आवडत नव्हतं त्यांच्यात पाठदुखीची तक्रार नोंदवायचं प्रमाण अडीच पट निघालं. ह्याचा अर्थ पाठदुखी खोटी असा नव्हे हां, मालक लोक तसाच अर्थ काढतात म्हणून सांगतोय. ताणात स्नायू सैल पडत नाहीत, झोप लागत नाही, झोप नाही म्हणून दुखणं वाढतं, दुखतंय म्हणून झोप नाही, असं ते गोल गोल.

वडगाव-खासबागेत माग बघा. पॉवरलूमचा खडखडाट असा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं, ऐकू कमी होणं हे कायद्याच्या रोगांच्या यादीत आहे, पण १९४८ चा फॅक्टरी कायदा, २०२५ पर्यंत होता तो, लागायचा वीज वापरून दहा माणसं असतील तर. घरातच चार माग, नवरा धोटा बघतोय, बायको कांड्या भरतेय, म्हातारी धागे सोडवतेय, ही फॅक्टरी नव्हे, घर! ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही, तपासणी नाही. वेग ठरवतोय कोण, तर सूत देऊन साडी उचलणारा शेठ, आणि लाईट. कोविडनंतर बाजार बसला तेव्हा विणकरांच्या आत्महत्यांच्या बातम्या इथल्या पेपरात आल्या, तेव्हा सगळं कर्जावर लिहिलं गेलं, कामावर कोण लिहीत नाही.

मनाच्या आजाराची आपल्याकडची वाटच वेगळी होती. धारवाडचं वेड्यांचं हॉस्पिटल १८४५ चं, त्यामुळं ह्या भागात "धारवाडला न्यायला पाहिजे ह्याला" म्हणजे काय ते लहान पोराला पण कळायचं. एकीकडं धारवाड, एकीकडं "काय नाही, जरा टेन्शन", मधलं काहीच नाही. म्हणून माणूस अंगाचीच भाषा बोलतो, अंग मोडून आलंय, डोकं जड झालंय, काळीज धडधडतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणानं पार थकून जाण्याची, व्याख्या आपल्या यादीत सविस्तर लिहिली, तीही आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. २०२२ च्या ऑक्टोबरला टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारनं काढलेली, १४४१६ ही फोन लाईन सुरू झाली, फुकट आहे. त्यात आपली भाषेची गोम वेगळीच, कामावरची नोटीस कन्नडमध्ये, घरचं बोलणं मराठीत, कंपनीच्या सेफ्टीच्या पाट्या इंग्लिशमध्ये, आणि दुखणं कुठल्या भाषेत सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात एक कलम होतं, ४४ नंबर, उभं राहून काम करणाऱ्याला मधे संधी मिळाली की बसायची सोय पाहिजे. साधं स्टूल. केरळनं २०१८ ला आणि तमिळनाडूनं २०२१ ला दुकानातल्या कामगारांसाठी पण हा हक्क कायद्यात घातला, केरळात तर साड्यांच्या दुकानातल्या बायकांनी भांडून मिळवला तो. गणपत गल्लीत एखाद्या दुकानात संध्याकाळी सातला जाऊन बघा, काउंटरमागं किती स्टुलं दिसतात.

आणि तासांचं चक्र उलटं फिरायला लागलंय. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असतानाच्या काळात आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर यायची वाट मोकळी झाली. २०२३ ला कर्नाटकनं कायदा बदलून कामगाराची संमती असली तर दिवसाला १२ तासांची परवानगी दिली, आठवड्याचे ४८ तेच ठेवून, आणि तीन महिन्यांच्या ओव्हरटाईमची मर्यादा ७५ तासांवरून १४५ वर नेली. कागदावर चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी. मच्छ्याच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मित्राला विचारलं, संमती कशी घेतात रे. तो म्हणाला, "फॉर्म येतोय की. सगळ्यांनी सही केल्यावर माझ्याकडं येतोय."