दगडाची छिद्रं आणि प्राणवायूची चाल

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडांची जाहिरात हल्ली एकाच आकड्यावर चालते: एका ग्रॅम दगडात अमुक इतके चौरस मीटर पृष्ठभाग. आकडा बहुधा खोटा नसतो. पण ज्यांच्यासाठी दगड घ्यायचा, त्या जीवाणूंना त्याचा फारसा उपयोग नसतो.

टँकमधला दगड शोभेपुरता नसतो. मासे खातात आणि अमोनिया टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातलं अमोनियम हे रूप बरंचसं निरुपद्रवी आणि मोकळा अमोनिया विषारी. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचं माप, ७ असेल तर मोकळ्या अमोनियाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच मात्र ८.२ च्या आसपास, आणि २५ अंश तापमानाला तिथे हे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर जातं. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारा हलगर्जीपणा इथे माशांच्या जिवावर बेततो. त्यांना वाचवतात ते जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. दोघांनाही चिकटून राहायला जागा लागते आणि श्वसनाला प्राणवायू.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले ‘जिवंत’ दगड, म्हणजे जीवाणू आणि बारीकसारीक जीव वस्तीला असलेले मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, टँकमध्ये ठेवून, जवळपास यंत्रांशिवाय मासे जगवून दाखवले. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या दगडांना प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसातून घाण काढून टाकणाऱ्या यंत्राची, जोड दिली आणि ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे हेच जिवंत दगड, रीफ टँकचा (प्रवाळ वाढवायच्या टँकचा) पायाच ठरला. मग समुद्रतळ ओरबाडला जाऊ लागला. अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढणं १९९७ पासून पूर्ण बंद झालं. तिथे आता खाणीतली चुनखडी समुद्रात पसरतात, तिच्यावर जीवसृष्टी धरू देतात आणि नंतर तीच काढून विकतात.

आपल्याकडे तर समुद्रातून असा दगड काढण्याचा प्रश्नच येत नाही. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेलं प्रवाळही त्यातून सुटत नाही. मालवणला स्नॉर्केलिंगला गेल्यावर ‘एक तुकडा टँकमध्ये टाकू’ असं वाटत असेल, तर शिक्षा ३ ते ७ वर्षांची आहे हे लक्षात असू द्या. आणि विषय निघालाच आहे तर तथाकथित ‘इंद्रजाल’बद्दलही सांगून टाकतो. फ्रेममध्ये लावलेली, नजर लागू देत नाही आणि वास्तुदोष घालवते म्हणून विकली जाणारी ती ‘वनस्पती’ म्हणजे समुद्रपंख्याचा किंवा काळ्या प्रवाळाचा वाळलेला सांगाडा असतो. दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. घरातला दोष जातो की नाही ते विकणाऱ्याला ठाऊक. गुन्हा मात्र नक्की घरात येतो.

तर दगड कृत्रिमच घ्यायचा. जीवाणू जन्मदाखला विचारत नाहीत. त्यांना कळतात त्या दोनच गोष्टी: छिद्र केवढं आहे आणि त्यात काय पोचतं. माझा लाडका भाग इथून सुरू होतो.

दगडाच्या छिद्रांतलं पाणी जवळजवळ स्थिर असतं. पंपाचा झोत पृष्ठभागावरून निघून जातो. आत प्राणवायू पोचतो तो विसरणाने, म्हणजे रेणूंच्या दिशाहीन धडपडीने. या धडपडीचा हिशोब विचित्र आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, अंतर दसपट झालं की शंभरपट. सूत्र सोपं आहे: वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरण-गुणांकाची दुप्पट. प्राणवायूचा पाण्यातला गुणांक सेकंदाला साधारण एका चौरस मीटरचा पन्नास कोटीवा भाग. आकडे घालून पाहिले तर १ मिलिमीटरला लागतात सुमारे ४ मिनिटं, १ सेंटिमीटरला ७ तास आणि १० सेंटिमीटरला जवळपास महिना. हे सरळ नळीतलं झालं. खऱ्या दगडातली वाट वळणावळणाची असते, त्यामुळे वेळ आणखी वाढतो.

बरं, वाटेत खाणारे बसलेले असतात. मोठ्या पंगतीत वाढपी पहिल्या दोन रांगांतच रिकामा व्हावा, तसं प्राणवायूचं होतं. बाहेरच्या थरातले जीवाणू तो संपवतात आणि वर्दळ दाट असेल तर काही मिलिमीटर आत, कधी त्याहूनही अलीकडे, तो शून्यावर येतो. आधीच समुद्राच्या पाण्यात २५ अंशाला प्राणवायू लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम मावतो. गोड्या पाण्यापेक्षा कमीच.

पण प्राणवायू संपला म्हणजे काम संपलं असं नाही. आतल्या थरात वेगळेच जीवाणू असतात. ते प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निव्वळ नायट्रोजन वायू, जो पाण्यातून हवेत निघून जातो. टँकमधून नायट्रोजन आपोआप बाहेर पडतो तो मुख्यतः याच वाटेने. आणखी आत गेलं की नायट्रेटही संपतं आणि सल्फेटवर जगणारे उरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या घरात असतं, त्यामुळे त्यांना तोटा नाही. ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात. जाड दगड फोडल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच.

म्हणजे डोक्याएवढ्या गोट्याचा मधला भाग जवळजवळ वाया. तेवढ्याच वजनाच्या पातळ फळ्या, फांद्या, कमानी कितीतरी जास्त काम करतात, कारण त्यांच्यात ‘बाहेरचे काही मिलिमीटर’ अधिक असतात. लिटरमागे सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम दगड, हा जुना हिशोब म्हणूनच मला पटत नाही. वजनात आकार दिसत नाही.

आता तो जाहिरातीतला आकडा. असे आकडे सहसा नायट्रोजन वायूचे रेणू पृष्ठभागावर चिकटवून काढतात. हा रेणू एका नॅनोमीटरहूनही (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही) लहान असतो. तो ज्या फटीत शिरतो ती प्रत्येक फट मोजली जाते. जीवाणू असतो साधारण १००० नॅनोमीटरचा. पन्नास नॅनोमीटरच्या भोकात त्याचा पायही शिरायचा नाही, असलाच तर. ते सगळे चौरस मीटर जीवाणूंच्या दृष्टीने नुसती भिंत. छिद्र किमान काही मायक्रोमीटरचं (१ मायक्रोमीटर म्हणजे १००० नॅनोमीटर), त्याहून मोठं असेल तर उत्तम, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेलं हवं.

जोडलेलं हवं हे दख्खनच्या माणसाला पटकन कळेल. आपल्या बेसॉल्टमध्ये बुडबुड्यांची भोकं दिसतात, पण त्यांतली बरीच आतून बंद असतात किंवा खनिजांनी भरलेली. दिसायला चाळणी, वागायला ठोकळा. जांभा सच्छिद्र खरा, पण भुगा होतो आणि पाणी गढूळ करतो. रेझिनचे रंगीत प्रवाळ आतून भरीव असतात, ती निव्वळ मूर्तिकला.

घरी करण्यासारखी परीक्षा साधी आहे. कोरडा दगड तोला, दिवसभर पाण्यात ठेवा, वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. जितके ग्रॅम वाढले, ढोबळमानाने तितके मिलिलिटर उघडी, जोडलेली छिद्रं. छिद्रांचा आकार यातून कळत नाही, पण ठोकळा लगेच ओळखू येतो.

दगड घरी बनवणारेही आहेत. एक भाग पोर्टलंड सिमेंट, तीन-चार भाग कालवांच्या शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची जाड वाळू, आणि त्यात खडे मीठ. कालवलेलं पाणी मिठाने लगेच संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी मीठ विरघळत नाही, त्यामुळे बाकीचे खडे तसेच राहतात. सिमेंट घट्ट झाल्यावर दगड पाण्यात बुडवला की मीठ विरघळून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. खडे एकमेकांना टेकलेले असतील तर पोकळ्याही जोडलेल्या. घाई मात्र अंगाशी येते. ताज्या सिमेंटमधला मोकळा चुना पाण्याचा पीएच १२ च्या पुढे नेतो. पाणी बदलत आठवडेच्या आठवडे भिजवावं लागतं. नवीन पाण्यात दोन-तीन दिवस ठेवूनही पीएच चढत नसेल तरच दगड टँकमध्ये जावा. भाजलेल्या सिरॅमिकला ही कटकट नाही, पण ते महाग.

चुनखडीचा दगड पीएच सांभाळतो, असं दुकानात हमखास ऐकवतात. उष्ण समुद्राचं वरचं पाणी चुनखडीच्या एका रूपाने, म्हणजे अ‍ॅरागोनाइटने आधीच अतिसंपृक्त असतं, साधारण तिपटी-चौपटीने. टँकचं पाणीही तसंच ठेवायचं असतं. अशा पाण्यात हा दगड विरघळतच नाही. मग सांभाळणार काय? चुनखडीचा खरा परिणाम फॉस्फेटवर होतो. पाण्यात ते वाढलं की दगडाच्या पृष्ठभागावर बसतं आणि पाण्यातलं कमी झालं की सुटू लागतं. दुसऱ्याच्या मोडलेल्या टँकमधला वाळका दगड स्वस्तात घेतला आणि महिनोन्‌महिने शेवाळ हटेना, तर कारण बहुधा हेच.

नव्या कृत्रिम दगडावर जीवाणूंची वस्ती व्हायला चार-सहा आठवडे धरा. रोज चिमूटभर अमोनियम क्लोराइड किंवा माशांचं खाद्य टाकून त्यांना पोसावं लागतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले की पहिला मासा आणा. तोवर दगडावर तपकिरी साय धरेल. ते डायटम्स, म्हणजे सिलिकेटचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ असतं. घासून काढलेत तरी पुन्हा येतील आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातील.