तीन हजारांत एक चूक

२०११ च्या जनगणनेत भारतातल्या ४,८७,८०३ जणांच्या नावापुढे लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या मतदार याद्यांत तृतीयलिंगी मतदार निघाले सुमारे ४८ हजार. देश एकच, दोन्ही कागद सरकारी, आणि पहिल्या आकड्यातली सहा वर्षांपर्यंतची मुलं वजा केली तरी फरक मात्र नऊ पटींचा. आता २०२७ ची जनगणना तोंडावर आली आहे, त्यामुळे हे आकडे पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरू लागतील. कुणी म्हणेल, 'बघा, किती वाढलेत!' कुणी म्हणेल, 'बघा, किती दडपलेत!' दोघंही आकडा तापमापकातला पारा वाचावा तसा वाचतात. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी फॉर्मकडे जाते.

त्या पावणेपाच लाखांहून अधिक 'इतरां'मध्ये शून्य ते सहा वर्षांची मुलं होती ५४,८५४. एवढा आकडा पाहिला तरी कुणीही थबकावं. स्वतःला कोणत्या लिंगाचं मानायचं हे दोन वर्षांचं बाळ प्रगणकाला सांगत नाही. आंतरलिंगी मुलं, म्हणजे ज्यांच्या जननेंद्रियांची ठेवण जन्मतः नेहमीच्या दोन साच्यांत बसत नाही अशी मुलं, खरोखर जन्मतात आणि त्यातली काही या आकड्यात असतील. पण दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ही गोष्ट आपणहून सांगणारी कुटुंबं आपल्याकडे किती?

मग ही मुलं आली कुठून? २०११ चा फॉर्म हाताने भरायचा होता. पुरुषासाठी १, स्त्रीसाठी २, इतरसाठी ३. नंतर ते कागद स्कॅन झाले आणि हस्ताक्षरातले आकडे संगणकाने वाचले. त्या वर्षी देशात शून्य ते सहा वयाची मुलं होती साधारण साडेसोळा कोटी. भागाकार करून पाहा: ५४,८५४ नोंदी म्हणजे तीन हजार मुलांमागे एक. दिवसभर उन्हात फिरलेल्या शिक्षकाने काढलेला २ तीन हजारांत एकदा ३ सारखा दिसणं, किंवा यंत्राने तो तसा वाचणं, यात नवल काही नाही. मी तर म्हणेन, हे काम फार चोख झालं.

तरीही ही चोख कामातली बारीकशी चूक 'इतर' हा रकाना भरून टाकायला पुरेशी आहे. माझा आवडता विषय हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

समजा दहा लाखांच्या शहरात एका छोट्या गटाचे लोक बरोबर एक हजार आहेत. तुमचा फॉर्म ९९.९ टक्के अचूक आहे, हजारात एकच चूक. त्या हजार खऱ्या माणसांपैकी चुकीने बाहेर पडेल एक. उरलेल्या ९,९९,००० मधून चुकीने आत येतील ९९९. म्हणजे यादीत १,९९८ नावं आणि त्यातली निम्मी खोटी. खोटं कुणी बोललेलं नाही. चुकीचा दर दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त एकीकडे तो हजारावर लागतो आणि दुसरीकडे दहा लाखांवर. तांदळात खडे फार थोडे असतील, तर निवडणाऱ्याच्या ताटलीत खड्यांपेक्षा कणीच जास्त जमा होते, तसं.

सूत्रात मांडायचं तर खरं प्रमाण 'प', मोठ्या गटातल्या चुकीचा दर 'अ' आणि छोट्या गटातल्या चुकीचा दर 'ब' धरा. मोजून आलेलं प्रमाण = प × (१ − ब) + (१ − प) × अ. 'प' जेव्हा ४० टक्के असतो तेव्हा दुसरी बेरीज जाणवतही नाही. 'प' घसरत घसरत 'अ' च्या जवळपास आला, की दुसरी बेरीज पहिलीच्या बरोबरीने येऊन बसते, आणि 'प' शून्य झाला तरी उत्तर 'अ' च्या खाली जात नाही. म्हणजे ज्या गावात या गटाचा एकही माणूस नाही, तिथेही काही माणसं 'सापडतात'. (सूत्र नको असेल त्यांनी कणी लक्षात ठेवावी.)

हे कागदावरचं गणित नाही. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत समलिंगी जोडप्यांची ९,०१,९९७ घरं मोजली गेली. तिथे 'समलिंगी जोडपं आहात का' असा प्रश्नच नव्हता. एका घरातल्या दोन माणसांचं नातं 'पती-पत्नी' किंवा 'जोडीदार' आणि दोघांच्या लिंगाची खूण एकच, एवढ्यावरून ते ठरायचं. सहा कोटींहून अधिक भिन्नलिंगी जोडप्यांपैकी एखाद्या नवऱ्याच्या नावापुढे चुकून 'स्त्री' वर खूण झाली, की ते घर समलिंगी. अधिकाऱ्यांना शंका आली ती घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवरून, कारण त्यातल्या रकान्यांची मांडणीच चुकीला आमंत्रण देणारी होती. त्यांनी मग नावं तपासली. जे नाव जवळजवळ सगळे पुरुषच लावतात, त्यापुढे 'स्त्री' असेल तर ती नोंद संशयित. ही चाळणी लावल्यावर आकडा उतरला ६,४६,४६४ वर. अडीच लाखांहून अधिक घरं निव्वळ खुणेच्या चुकीतून जन्मली होती. समलिंगी 'विवाहित' जोडप्यांत तर निम्म्याहून जास्त नोंदी गळाल्या. (आपल्याकडे ही युक्ती किरण आणि शशीपाशी अडकेल, ते सोडा.)

आता इंग्लंड. २१ मार्च २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना दोन ऐच्छिक प्रश्न पहिल्यांदाच विचारले गेले. एक लैंगिक कलाचा, म्हणजे आकर्षण कुणाबद्दल वाटतं याचा. दुसरा लिंगभावाचा, म्हणजे स्वतःला कोण मानता याचा. दुसऱ्याची शब्दरचना साधारण अशी होती: 'तुम्ही स्वतःला ज्या लिंगाचे मानता ते आणि जन्माच्या वेळी नोंदवलेलं तुमचं लिंग एकच आहे का?' सुमारे २ लाख ६२ हजार लोकांनी 'नाही' म्हटलं, म्हणजे अर्धा टक्का. त्यातल्या १ लाख १८ हजारांनी 'नाही' पुढच्या, स्वतःची ओळख लिहायच्या मोकळ्या जागेत काहीच लिहिलं नाही.

गंमत नकाशात आहे. लैंगिक कलाच्या प्रश्नात समलिंगी, उभयलिंगी वगैरे म्हणवणाऱ्यांच्या प्रमाणात सर्वांत वर आलं ब्रायटन, १०.७ टक्के. ते शहर त्यासाठी प्रसिद्धच आहे, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. लिंगभावाच्या प्रश्नात 'नाही' म्हणणाऱ्यांत मात्र वर आले लंडनचे न्यूहॅम आणि ब्रेंट हे भाग, १.५१ आणि १.३१ टक्के. ब्रेंट म्हणजे वेम्बली जिथे आहे तो भाग. तिथल्या घराघरांत गुजराती आणि इतर कितीतरी भाषा बोलल्या जातात. आकडे खोलात पाहिल्यावर दिसलं, की ज्यांना इंग्रजी नीट येत नाही त्यांच्यात 'नाही' चं प्रमाण बरंच जास्त आहे. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल बिग्ज यांनी हे लावून धरलं आणि २०२४ मध्ये या आकडेवारीचा दर्जा अधिकृतपणे खाली आणला गेला. परक्या भाषेतलं ते लांबलचक वाक्य वाचून चारशे माणसांत एकाने घोटाळा केला, तरी पावणेपाच कोटींहून अधिक प्रौढांत सव्वा लाखाच्या आसपास खोटे 'नाही' जमा होतात. नेमके तेवढेच झाले असा माझा दावा नाही. पण त्या नकाशावरून न्यूहॅमला दवाखाना आणि ब्रायटनला वाटाण्याच्या अक्षता असं कुणी ठरवलं असतं, तर पैसा चुकीच्या गावी गेला असता.

स्कॉटलंडने वर्षभर नंतर सरळ विचारलं, 'तुम्ही स्वतःला ट्रान्स (म्हणजे पारलिंगी, जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळ्या लिंगाचे) मानता का?' तिथे १९,९९० जणांनी हो म्हटलं, ०.४४ टक्के. कॅनडाने २०२१ मध्ये दोन वेगळे प्रश्न ठेवले, जन्माच्या वेळचं लिंग कोणतं आणि आताचं कोणतं. पंधरा वर्षांवरच्यांत दोन उत्तरं वेगळी असलेली निघाली १,००,८१५ माणसं, दर तीनशेमागे एक. दोन प्रश्नांची पद्धत बरी, पण दोनपैकी कुठल्याही एका जागी खूण चुकली तरी माणूस गट बदलतो, म्हणजे कणी पडायला जागा दोन. त्यावरचा उपाय किराणा दुकानदारही जाणतो: माल बांधण्याआधी यादी एकदा वाचून दाखवायची. 'जन्माच्या वेळी नोंद पुरुष, आता स्वतःला स्त्री मानता, बरोबर?' एवढा तिसरा प्रश्न. तो फक्त उत्तरं न जुळणाऱ्यांनाच विचारायचा, त्यामुळे बाकीच्यांचा वेळ जात नाही. हजारात एक चूक पुन्हा हजारात एकदाच तशीच होणार असेल, तर खोट्या नोंदी दहा लाखांत एकावर येतात.

या चाळणीतून आपला २०११ चा आकडा काढून पाहू या. पाकिटाच्या पाठीवर होतो तेवढाच हा हिशेब. मुलांमधला तीन हजारांत एक हा दर जवळजवळ सगळा नोंदीतल्या चुकांमधूनच आला असं धरा आणि तोच सात वर्षांवरच्या १०४ कोटींना लावा. साडेतीन लाखांच्या आसपास नोंदी चुकीच्या खात्यात जातात. सात वर्षांवरच्या सुमारे ४ लाख ३३ हजारांतून त्या वजा केल्या, की उरतात ८० ते ९० हजार. मतदार यादीचे ४८ हजार आता तितकेसे लांब वाटत नाहीत.

पण थांबा, भारतात तृतीयपंथी आणि पारलिंगी माणसं एवढीच आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. एवढ्यांच्या नावापुढे खरोखर ३ लिहिला गेला असावा, इतकंच. बाकीचे १ आणि २ मध्ये आहेत. माझा एक शिक्षक मित्र २०११ मध्ये प्रगणक म्हणून फिरला होता. तो सांगतो, दारात सासूबाई उभ्या राहून अख्ख्या घराची माहिती देत, सून आणि नातवंडं आत. 'स्त्री, पुरुष की इतर?' असं तोंडाने विचारायचा धीर त्याला एकदाही झाला नाही. नाव ऐकलं की हाच १ किंवा २ लिहून मोकळा. दुसऱ्याने दिलेल्या उत्तरातून माझा लिंगभाव कळणार कसा? घराबाहेर काढलेली आणि गुरूच्या डेऱ्यात राहणारी माणसं तर वेगळीच अडचण. सिग्नलवर यांचा शाप लागेल म्हणून दहाची नोट पटकन पुढे करणारा आपला समाज, त्याच माणसाला घर भाड्याने देत नाही. शापाबिपात काही नसतं, भाडेकरार मात्र खरा असतो आणि पत्ता नसलेल्याची नोंद सुटते.

आणि भीती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात इंग्रज सरकारने संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद केली होती. नाव, राहण्याची जागा, शिवाय मालमत्तेची यादी. तेही सरकारी फॉर्म भरणंच होतं. लैंगिक कलाचा प्रश्न तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागेपर्यंत, विचारला असता तर मधली काही वर्षं सोडता उत्तर देणं गुन्ह्याची कबुली दिल्यासारखंच झालं असतं. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ च्या एका आदेशाने संघराज्याच्या फॉर्मांवरून लिंगभावाचा प्रश्न काढायला लावला. आज मदतीसाठी भरलेला रकाना उद्या कुणाच्या हाती पडेल, हे भरणाऱ्याला माहीत नसतं.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. लैंगिक कल जनगणनेत विचारू नये. दारात, शेजाऱ्यांच्या कानावर जाईल असा तो प्रश्न नाही. तो छोट्या, निनावी आरोग्य सर्वेक्षणात विचारावा, जिथे माणूस कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकतो आणि स्क्रीनवर स्वतः बोट ठेवतो. लिंगाचा तिसरा पर्याय मात्र जनगणनेत हवाच. तो नसला की काय होतं ते महाराष्ट्राने २०२२ च्या पोलीस भरतीत पाहिलं. ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय, तिसऱ्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

२०२७ ची नोंद मोबाईल ॲपवर होणार आहे, त्यामुळे २ चा ३ वाचला जाण्याची भानगड संपेल. तिची जागा अंगठा घसरण्याची भानगड घेईल. 'इतर' वर बोट पडलं की ॲपने एकदा 'नक्की?' असं विचारावं, आणि शून्य ते सहा वयाच्या 'इतर' नोंदी सर्वांत आधी मोजाव्यात. मी तरी तोच तक्ता पहिला उघडणार आहे.