शॅम्पेनमधला ‘छोटा शेतकरी’: आरएम की आरसी?

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात जाऊन आलेले लोक हमखास सांगतात, ‘मोठ्या कंपन्यांकडे फिरकलोच नाही. गावात शेतकऱ्याच्या घरी, त्याने स्वतः केलेली वाइन प्यायलो.’ फोटोतलं लेबल मोठं करून बघावं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत उत्पादकाचा प्रकार सांगणारा संकेत, आरसी, म्हणजे वाइन सहकारी संस्थेने केलेली!

मोठ्या कंपन्यांबद्दल फार सांगत नाही. रॅन्स शहरातली त्यांची खडूच्या दगडातली तळघरं, एपर्नेमधला अव्हेन्यू द शॅम्पेन हा त्यांचा रस्ता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या बाटलीवर एनएम असतं, म्हणजे द्राक्षं बाहेरून विकत घेण्याची मुभा. (नाशिकच्या फसफसत्या वाइनला शॅम्पेन म्हणू नये, हेही आता पुन्हा सांगत बसत नाही.)

घोळ होतो तो आरएम आणि आरसीचा. दोघेही शेतकरी, दोघांचीही क्रामाँ किंवा बूझीसारख्या गावात द्राक्षबाग, दोघांच्याही लेबलावर आडनाव. पण आरएमवाला आपल्याच द्राक्षांची वाइन स्वतः करतो. आरसीवाला द्राक्षं सहकारी संस्थेला घालतो. तिथे ती बहुधा इतरांच्या द्राक्षांत मिसळतात, वाइन संस्था करते आणि आपल्या वाट्याच्या बाटल्या घेऊन तो स्वतःच्या नावाने विकतो. आपल्याकडे एकाचं स्वतःचं गुऱ्हाळ असावं आणि दुसऱ्याने साखर कारखान्याला ऊस घालून, मिळालेल्या साखरेच्या पोत्यावर आपलं आडनाव छापावं, तसंच. यात बेकायदा काही नाही, वाइनही वाईट नसते. मग शेजारच्या गावातल्या दुसऱ्या आडनावाच्या बाटलीत तीच वाइन निघाली, तर नवल वाटून घेऊ नये. ‘या मातीची चव’ वगैरे तिथे बोलू नये, एवढंच.

उलटही होतं. एखादं लहानसं कुटुंब शेजाऱ्याची थोडी जास्त द्राक्षं घेतं आणि लेबलावर एनएम येतं. तेवढ्यावरून त्यांना ‘कंपनी’ ठरवून पुढे जाऊ नका.

माझा कल उघडच आरएमकडे आहे. त्यातही सगळेच चांगले नसतात, पण बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळतं. आधी ईमेल करून वेळ ठरवावी. तोडणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण सप्टेंबरात, जाऊच नये. पोचल्यावर उंच निमुळत्या ग्लासाऐवजी साधा वाइनचा ग्लास मागावा आणि पहिल्या घोटाआधी विचारावं, ‘गाळप कुठे होतं? टाक्या बघता येतील?’ आरएमवाला बहुतेक वेळा लगेच मागच्या दाराकडे वळतो.